शून्याचा वाटा

महाभारतांतील द्यूतप्रसंग घराघरांतून सांगितला जातो, तेव्हां ऐकणारांचा सारा राग शकुनीच्या कपटी फांशांवर जाऊन बसतो. फांसे खोटे होते म्हणून धर्मराज हरला, आणि तो हरला म्हणून पुढचा अनर्थ झाला, असा सरळ हिशेब मांडून आपण मोकळे होतों. परंतु या हिशेबांत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. फांसे खरे असते तर? कोणींहि कपट केलें नसतें, प्रत्येक दान निव्वळ दैवाधीन पडलें असतें, तर तो खेळ न्याय्य ठरला असता काय? ज्या व्यवहाराच्या अटी उघड आहेत, ज्यांत लबाडी नाहीं आणि ज्यांत मनुष्य आपखुषीनें शिरतो, तो व्यवहार तेवढ्यानेंच निर्दोष होतो काय? हा प्रश्न कसोटीस लावण्यास युरोपांत वाढलेल्या रूलेट या खेळाइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं. कारण तेथें कपटाची गरजच नसते.

या खेळाचें यंत्र साधें आहे. एका फिरत्या चाकाच्या कडेनें ३७ कप्पे असतात. १ ते ३६ या आंकड्यांपैकीं १८ तांबडे व १८ काळे. उरलेला एक कप्पा शून्याचा, तो हिरवा. चाक एका दिशेस फिरवितात, लहानशी गोळी उलट दिशेस सोडतात, आणि ती ज्या कप्प्यांत विसांवेल तो आंकडा जिंकला. खेळणारा मेजावर आंखलेल्या चौकोनांवर आपला पण लावितो. एकाच आंकड्यावर लाविला तर जिंकल्यास पणाच्या ३५ पट मिळतात. लगतच्या दोन आंकड्यांच्या मधल्या रेघेवर लाविला तर १७ पट. तिघांच्या ओळीवर ११ पट. चौघांच्या कोपऱ्यावर ८ पट. दोन ओळींतील सहा आंकड्यांवर ५ पट. बारा आंकड्यांच्या गटावर किंवा उभ्या रांगेवर २ पट. आणि तांबडा-काळा, सम-विषम, अथवा लहान-मोठा अर्धा भाग यांवर लाविला तर पणाइतकेच. मूळ पण परत मिळतो तो निराळा.

या दरांमागें एकच सूत्र आहे. जितक्या आंकड्यांवर पण लाविला असेल तितक्यांनीं ३६ ला भागावें आणि भागाकारांतून एक वजा करावा. म्हणजे सर्व दर चाकावर ३६ च कप्पे आहेत असें धरून बांधलेले आहेत. कप्पे मात्र ३७ आहेत. समजा, एकानें दर डावास १०० रुपये लाविले, आणि ३७ डावांत प्रत्येक कप्पा एकेकदां आला. तो एकाच आंकड्यावर खेळला असेल तर त्यास एकदां ३,५०० मिळाले व ३६ वेळां मिळून ३,६०० गेले. बारांच्या गटावर खेळला असेल तर १२ वेळां मिळून २,४०० आले व २५ वेळां मिळून २,५०० गेले. तांबड्यावर खेळला असेल तर १,८०० आले व १,९०० गेले. तिन्ही ठिकाणीं तूट तीच, १०० रुपयांची. धाडसी आणि सावध हे दोघेहि एकच मोल देतात, शेंकडा २.७०, एकाची नौका मोठ्या लाटांवर हेलकावते, दुसऱ्याची लहान लाटांवर, एवढाच काय तो भेद. अमेरिकेंतील दोन शून्यांच्या चाकावर कप्पे ३८ व दर हेच, म्हणून तेथें तूट शेंकडा ५.२६ वर जाते.

आमच्या शास्त्रकारांनीं द्यूतगृहाचा विचार केला नव्हता असें नाहीं. मनूनें राजास द्यूत आपल्या राज्यांतून नाहींसें करावयास सांगितलें. याज्ञवल्क्य व कौटिल्य यांनीं तें राजाच्या देखरेखीखालीं चालूं दिलें. कौटिल्याच्या व्यवस्थेंत जिंकलेल्या धनांतून शेंकडा ५ अध्यक्षानें घ्यावे असें आहे. हा वाटा जिंकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातांतून निघत असे. रूलेटचा गृहस्वामी कोणाजवळ कांहीं मागत नाहीं. तो जिंकणारास थोडें कमी देतो, आणि जिंकणारा त्याचेच आभार मानून उठतो. फ्रान्स्वा ब्लां व त्याचा भाऊ यांनीं १८४३ मध्यें जर्मनींतील होंबुर्ग येथें दोन शून्यांऐवजीं एकच शून्य ठेविलें, तें गिऱ्हाईक ओढण्यासाठीं. वाटा जितका लहान, तितका तो कमी जाणवतो. आणि जितका कमी जाणवतो, तितका मनुष्य अधिक वेळ बसतो. हेंच ज्ञान घेऊन ब्लांनें १८६३ मध्यें मोनॅकोंतील द्यूतगृह चालविण्यास घेतलें, आणि माँटे कार्लो हें नांव जगभर झालें.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. द्यूतगृहाचा कैवारी म्हणेल कीं, नाटकाचें तिकीट काढणारा पैसे परत मागत नाहीं; तसे शेंकडा पावणेतीन हें करमणुकीचें मोल समजा. शिवाय विमा कंपनीहि विमेदारांस सरासरीनें जें परत देते त्याहून अधिकच हप्त्यांच्या रूपानें घेते. तिला तुम्ही सभ्य कां म्हणतां?

विम्याचें उत्तर सोपें आहे. विमा उतरविणारा मनुष्य आधींच संकटाच्या छायेंत उभा असतो. मरण, आग, आजार हीं त्यानें निर्माण केलेलीं नाहींत. थोडें मोल देऊन तो त्यांची धास्ती कमी करितो. रूलेटकडे जाणारा जी अनिश्चितता त्याच्या घरीं नव्हती ती विकत घेतो. नाटकाचा दाखला मात्र इतक्या सहज उडवितां येत नाहीं. जो गृहस्थ ठराविक रक्कम खिशांत घालून, ती गेली असें मानूनच खेळावयास जातो व ती संपतांच उठतो, त्याच्याशीं आमचा मोठा वाद नाहीं. परंतु नाटकाचें मोल एकदांच घेतात. येथें तें दर फेरीस, लाविलेल्या प्रत्येक रुपयावर घेतात. १,००० रुपये घेऊन आलेला मनुष्य तेच पैसे फिरवून फिरवून रात्रभरांत एकंदर २०,००० रुपयांचे पण लावूं शकतो. तेव्हां त्याची सरासरी हानि २७ नव्हे, ५४० रुपये होते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, प्रेक्षक आपण मोल दिलें हें जाणतो. खेळणारास मात्र तें मोल वाटतच नाहीं, तें केवळ वाईट नशीब वाटतें.

१८ ऑगस्ट १९१३ रोजीं माँटे कार्लो येथें एका मेजावर लागोपाठ २६ वेळां काळा रंग आला. आतां तांबड्याची पाळी आलीच पाहिजे, अशा समजुतीनें भोंवतालच्या लोकांनीं तांबड्यावर राशी ओतल्या व त्या गमाविल्या. गोळीस स्मरण नसतें. पंचवीस काळ्यांनंतरहि तांबड्याची आशा ३७ मध्यें १८ एवढीच असते. हरल्यावर पण दुप्पट करीत जावें, ही युक्तीहि तशीच. एका रुपयापासून आरंभ करून दहा वेळां लागोपाठ हरणारा १,०२३ रुपये घालवून बसतो, आणि अकराव्या खेपेस १,०२४ लावितो तें एक रुपया मिळविण्यासाठीं! असा प्रसंग सुमारें ७८४ वेळांत एकदां यावयाचा; उरलेल्या ७८३ वेळां मिळून मिळतात ७८३ रुपये. शिवाय मेजावर पणाची कमाल मर्यादा असतेच.

हें सर्व जाणणारा मनुष्य तरी सुरक्षित असतो काय? आमच्या परिचयाचे एक गणिताचे शिक्षक आहेत. मांडवीच्या पात्रांत नांगरलेल्या एका नौकेवर त्यांनीं मुलाच्या शिक्षणासाठीं ठेविलेल्या रकमेचा मोठा भाग एका रात्रींत घालविला. आम्हीं त्यांस विचारलें, "गुरुजी, आपणांस हिशेब ठाऊक नव्हता?" ते कांहीं वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "होता हो. पण त्या रात्रीं तो दुसऱ्यांसाठीं आहे असें वाटलें." या एका वाक्यांत खुल्या अटींच्या न्यायाचें सारें वैगुण्य आम्हांस दिसतें. अटी ज्यास सांगितल्या तो दुपारचा मनुष्य. त्या अटींवर पण लावितो तो मध्यरात्रींचा. गृहस्वामी पहिल्याशीं प्रामाणिक असतो आणि दुसऱ्यावर जगतो.

राज्यकर्त्यांसहि हें कळत असावें. मोनॅकोच्या संस्थानिकांनीं आपल्याच प्रजाजनांस त्या द्यूतगृहांत खेळण्यास बंदी ठेविली आहे. महाराष्ट्रानें १९७६ मध्यें अशा गृहांस परवाने देण्याचा कायदा केला, तो कधींच अंमलांत आणला नाहीं, आणि २०२३ मध्यें रद्द करून टाकिला. कायद्याची ही घालमेल हास्यास्पद वाटेल. पण माल विकावयाचा आणि घरच्यांस चाखूं द्यावयाचा नाहीं, या संकोचांत माल कसला आहे याची कबुलीच आहे.

तरीहि सारा दोष गृहस्वामीवर लोटून खेळणारास सोडून द्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. भर सभेंत द्रौपदीनें जो प्रश्न विचारला तो फांशांविषयीं नव्हता. राजा आधीं स्वतःस हरला कीं मला, एवढेंच तिनें विचारलें. म्हणजे तिचा प्रश्न पण लावणाऱ्याच्या अधिकाराचा होता. फांसे खरे असते, तरी तो प्रश्न तसाच उभा राहिला असता, आणि भीष्मांसहि त्याचें उत्तर सांपडलें नसतें. मेजावर ठेविलेला रुपया खरोखर एकट्या खेळणाराचा असतो काय? त्यांत पत्नीच्या काटकसरीचा, मुलांच्या फीचा, म्हाताऱ्या आईच्या औषधाचा वाटा किती, हें त्या गुरुजींस दुसऱ्या दिवशीं घरीं परततांना कळलें. शून्याचा वाटा ३७ मध्यें १ आहे, हें कोणींहि मोजून दाखवील. घरच्यांचा वाटा मात्र मेजावर जाण्यापूर्वीं ज्याचा त्यानेंच मोजावयाचा आहे.