कारण विचारलं तर काय सांगू?

मोखाड्याच्या पाड्यांवर गर्भपात हा शब्द कुणी वापरत नाही. ‘खाली करायचंय’, ‘पिशवी साफ करायचीय’ असं हळूच, इकडंतिकडं बघून बोलतात. मागणंच गुन्हा असल्यासारखं.

आशा म्हणून काम करताना मी बाईला दवाखान्यात नेण्याआधी पडवीत बसवून तयारी करून घेते. आधी तारीख. ती लिहून ठेवलेली नसते, पण घट बसले तेव्हा पाळी आली होती हे पक्कं आठवतं. त्या दिवसापासून आठवडे मोजायचे. नऊ आठवड्यांच्या आत गेलं तर बहुतेकदा गोळ्यांवर भागतं. मग आधीची बाळंतपणं, सिझर, अंगात रक्त किती, हे सगळं विचारून घेते.

अडतं ते कारणापाशी. एकीनं विचारलं, “ताई, कारण विचारलं तर काय सांगू? पोटात दुखतंय म्हनू?” तिला तीन पोरं, धाकटं अंगावर पिणारं. भात झोडून झालं की भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं. म्हटलं, हेच सांग. तर म्हणाली, “हे काय कारण झालं? हे तर समद्यांच्याच घरी हाय.”

पण १९७१ चा कायदा हेच ऐकून घ्यायला सांगतो. बाईची आजची आणि पुढं दिसणारी परिस्थिती डॉक्टरनं विचारात घ्यावी, असं त्यात आहे. म्हणजे वीटभट्टीही आली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. १८ वर्षं पूर्ण असतील तर सही तिची एकटीची. नवऱ्याची लागत नाही. तिचं नाव बाहेर सांगायचं नाही, असाही नियम आहे.

तरी मला एक गोष्ट खुपते. शेवटचं मत डॉक्टरचंच. आपलं पोट, आपली गरिबी परक्या माणसापुढं उघडी करून बाईनं पटवून द्यायचं, हे कितपत बरोबर?

शेजारची म्हातारी म्हणते, “जीव हाये तो.” मी तिचं बोलणं उडवून लावत नाही. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं गेली. त्या आठवणीच्या मुलखात जिवाची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. पण अंगावरच्या लेकराचं दूध आटेल म्हणून जी बाई रात्र रात्र जागते, ती जिवाचाच विचार करत असते. तो तिच्याइतका बारकाईनं दुसरं कोण करणार? डॉक्टरला वैद्यकी कळते, मला कायदा थोडाफार कळतो. त्या घरात पुढचं वर्ष कसं जाणार, हे तिलाच ठाऊक.

म्हणून मी आता कुणाला कारण शिकवत नाही. एवढंच सांगते, पोटात दुखतंय म्हणू नकोस. त्यानं तपासणी भलतीकडं जाते आणि दिवस वाया जातात. जे आहे ते सरळ सांग, आणि तू ठरवलंयस हेही सांग.