मर्यादेतली चोरी

एकाच कारखान्यात, एकाच रेखाचित्रावरून बनवलेली दोन प्रवाहमापके तंतोतंत सारखी निघत नाहीत. कोरिऑलिस मीटरमध्ये कंप पावणाऱ्या नळीतून द्रव वाहतो आणि नळीला पडणाऱ्या सूक्ष्म पिळावरून त्याचे वस्तुमान कळते. नळीची जाडी किंचित बदलली तरी तिचा ताठपणा बदलतो. म्हणून प्रत्येक मीटर पाण्यावर तपासून त्याचा स्वतंत्र गुणांक ठरवावा लागतो. हा फरक म्हणजे पाप नव्हे; वस्तू घडवण्याचा तो धर्मच आहे. या फरकासाठी कायद्याने जी सूट ठेवली, ती कोणाच्या पदरात टाकायची, इथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

पेट्रोल पंपाचेच घ्या. पाच लिटरमागे 25 मिलिलिटर कमी-जास्त चालते. समजा, एखाद्याने आपली सगळी यंत्रे 20 मिलिलिटर कमी देतील अशी लावून घेतली. नियम कुठेच मोडला नाही, पण लाख लिटरमागे सुमारे 400 लिटर इंधन पैसे घेऊनही दिले गेले नाही. एकेका यंत्राकडे पाहून यातले काहीच उमगत नाही. सगळ्यांचे आकडे शेजारी मांडावे लागतात. नीट लावलेल्या यंत्रांच्या चुका शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरतात, हेतू मात्र एकाच बाजूला साचतो. झिजेची सबबही टिकत नाही, कारण पंपातल्या मापकाच्या पिस्टनची सील झिजली की न मोजलेले इंधन निसटते आणि फायदा होतो तो ग्राहकाचा.

यावर कोणी म्हणेल, सगळी यंत्रे एकाच सदोष प्रमाणमापावरून लावली गेली असतील, तर कल आपोआप एकीकडे जाईल. हे खरे आहे, आणि म्हणून नुसत्या कलावरून कोणाला चोर म्हणू नये. पण कल कळल्यावरही तो तसाच ठेवला, तर ती चूक उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कायदा पाळणाऱ्याकडून आणखी काय मागायचे? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात अचौर्यव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगताना राज्याचे नियम ओलांडणे आणि मापात कमी-अधिक करणे हे दोन दोष वेगवेगळे मोजले आहेत. मला ही विभागणी फार मोलाची वाटते. नियम पाळला म्हणजे मापाचा हिशेब फिटला, असे तिथे गृहीत धरलेले नाही. युरोपीय संघाचा मापन-उपकरणांचा कायदाही पाणी आणि गॅसच्या मीटरबाबत बजावतो की, चुकीसाठी दिलेल्या मर्यादेचा गैरफायदा घेऊ नये आणि कोणा एका पक्षाला सातत्याने झुकते माप देऊ नये. सूट दिली ती धातूच्या स्वभावाला. ती माणसाच्या लोभाने वापरली की अचौर्यव्रत भंगले, रक्कम कितीही क्षुल्लक असो. पंपचालकाचे इंधनाच्या बाष्पीभवनाने नुकसान होत असेल, तर ते उघडपणे किमतीत धरावे, मापात लपवू नये.

पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाला ते मागता येते. शंका आली, तर ते मागा.