व्रत आणि बेत

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून आम्ही सोप्यात बसलो होतो. भाचा म्हणाला, “आत्या, तू सांगितलेलीस त्या मोरिओरींचं वाचलो की मी. अहिंसा पाळले आणि संपले. भाषा पण गेली. मग पाळून काय मिळालं गं?”

मला चटकन उत्तर सुचलं नाही.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. मोरिओरी त्यांना रेकोहू म्हणतात. माओरींचेच हे भाऊबंद समुद्र ओलांडून तिथं गेले आणि एकटे राहिले. एकटेपणात भाषा आपल्या वाटेनं चालली. माओरीतलं ‘ते रेओ’, म्हणजे भाषा, इथं ‘ता रे’ झालं. ‘तांगाता फेनुआ’, म्हणजे मातीची माणसं, ‘चकत हेनू’ झाली. त चा च झाला, शेवटचे स्वर गळाले.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. अग्नि, अग्गि, आग. रात्रि, रत्ति, रात. मराठीनंही शेवटचे स्वर असेच टाकलेत. णमोकारात आपण रोज ‘लोए’ म्हणतो, त्यातला क कधीच विरघळलाय. त्याचं कुणी सुतक धरलं नाही. स्वर गळाल्यानं भाषा मरत नाही. बोलणारी तोंडं बंद केली की मरते.

ती तोंडं बंद केली गेली. नुनुकू या पूर्वजानं माणूस मारायला बंदी घातली होती. भांडण झालंच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं, आणि रक्त दिसताच थांबायचं. १८३५ मध्ये दोन माओरी जमातींचे लोक जहाजानं येऊन बेटांवर उतरले. मोरिओरींची सभा भरली. तरुण म्हणाले, लढूया. वडीलधारे म्हणाले, नुनुकूचा नियम सोडायचा नाही. सुमारे ३०० जण मारले गेले, उरलेले गुलाम झाले. आपसात लग्नाला बंदी, आपली भाषा बोलायला बंदी. तेव्हा १,७०० च्या आसपास असलेले लोक १८६२ मध्ये १०१ उरले. १८७० मध्ये न्यायालयानं जवळजवळ सगळी जमीन आक्रमकांच्याच नावावर केली. भाषा अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस, हिरावानू तापू, १९०० मध्ये वारला.

भाच्याचा प्रश्न मला टोचला तो आणखी एका कारणानं. आपल्या शास्त्रात श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. स्वरक्षणासाठी नाइलाजानं होणारी विरोधी हिंसा त्याला सुटत नाही, हे मानलेलं आहे. म्हणजे ज्या अहिंसेचा आपण अभिमान मिरवतो, तिच्यापेक्षा कडक व्रत त्या कोळ्या-शिकाऱ्यांनी पाळलं. त्या सभेत मी असते, पदराशी लेकरू असतं, तर मी तरुणांच्या बाजूनं बोलले असते. हे लपवण्यात अर्थ नाही. वडीलधाऱ्यांच्या निर्णयाची किंमत लेकरांनीही मोजली, हेही खरंच.

पण “अहिंसेमुळं संपले” हे वाक्य मला मान्य नाही. घरात चोरी झाली की आपण म्हणतो, दार का उघडं ठेवलंस? हळूहळू चोर बाजूला राहतो आणि दारवाला गुन्हेगार ठरतो. मोरिओरींना व्रतानं मारलं नाही, मारणाऱ्यांनी मारलं. वडीलधाऱ्यांना जगण्याची हमी नको होती. फायदा आहे तोवर पाळायचं ते व्रत नव्हे, तो बेत.

भाच्याला एवढंच म्हटलं, “संपले नाहीत रे. त्यांचे वंशज आहेत. २००५ मध्ये त्यांनी बेटावर आपलं सभागृह उघडलं. २०२१ मध्ये त्यांच्याशी झालेल्या समझोत्याचा कायदा झाला. जुन्या टिपणांतून शब्द वेचून पोरं ‘ता रे’ शिकतायत.”

“आणि नुनुकूचा नियम?”

“तो अजून पाळतात.”

तो गप्प बसला. मीही. बाहेर अंधार पडला होता. किडे येतील म्हणून मी दिवा झाकला.