न आलेल्या दुखण्याची गोळी

गंगाखेडला संध्याकाळी गोदावरीच्या घाटाकडे फिरायला जाणाऱ्या आम्हा पेन्शनरांत मधुमेहाची लाज कोणालाच उरलेली नाही. साखरेचे आकडे आम्ही पावसाच्या आकड्यांसारखे एकमेकांना सांगतो. मीही बारा वर्षे साखरेची गोळी निमूटपणे घेत आलो आहे. पण गेल्या आषाढात डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी आणखी एक गोळी लिहून दिली आणि माझ्यातला तत्त्वज्ञ जागा झाला.

"मला हृदयविकार आहे का?"

"नाही."

"मग?"

"होऊ नये म्हणून, गुरुजी. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वयही झालं."

चिठ्ठी खिशातच राहिली. जे दुखणे आलेच नाही, त्याचे औषध मी का घ्यावे? शिकलेल्या माणसाला टाळाटाळीसाठीही पुरावा लागतो. मी वाचू लागलो. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासल्या आणि तांदळावरच्या एका बुरशीतून या जातीचे पहिले औषध शोधले, हे वाचून गंमत वाटली. कणगीतल्या बुरशीला आम्ही आजवर शिव्याच देत आलो! या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, साखर किंचित चढू शकते, हेही वाचले. ते मला फारच आवडले. मधुमेह्याला साखर वाढवणारी गोळी! घाटावर हे वाक्य मी चार वेळा ऐकवले. ती वाढ थोडी आणि हृदयाचा लाभ तिच्याहून मोठा, हे पुढचे वाक्य मात्र गिळले.

मग २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सापडला. ब्रिटन व आयर्लंडमधले, हृदयविकार न झालेले २८३८ मधुमेही; निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे चार वर्षांत बिनऔषधवाल्यांपैकी शंभरी नऊ जणांवर हृदयाच्या किंवा मेंदूच्या झटक्यासारखे संकट आले, औषधवाल्यांपैकी सहा जणांवर. म्हणजे तिघे वाचले. पण एक्क्याण्णव जण गोळीवाचूनही सुखरूपच होते की! मी तत्काळ त्या एक्क्याण्णवांत जाऊन बसलो. तिथे मला बसवले कोणी? मीच. आणि गंमत अशी, की आपण त्या तिघांपैकी आहोत, हे त्या तिघांनाही कधी कळत नाही. ताप उतरला तर औषधाला दुवा देता येतो. न आलेल्या झटक्याची बातमी कोण आणणार?

श्रावणात सेलूला थोरल्या भावाकडे गेलो. अर्धांगाने ते सहा वर्षे खाटेवर आहेत. वहिनी दुधात भाकरी कुस्करून त्यांना भरवत होत्या. मी तावातावाने माझे नऊ आणि सहा मांडले. त्यांनी दादांचे तोंड पुसले आणि विचारले,

"भाऊजी, त्या नऊ जणांना भरवायला घरी कोण होतं, ते लिहिलंय का त्यात?"

लिहिलेले नव्हते. माझ्याही हिशेबात ते नव्हते. शरीर माझे आणि मर्जीही माझी, हे मला पटलेलेच होते. पण कूस बदलून द्यायची वेळ आली, तर ते दुसऱ्याच कोणाच्या हातात जाणार होते. गोळी घेऊनही सहा जण पडतातच, हे मी सांगणार होतो. सांगितले नाही.

परभणीला गाडी बदलून गंगाखेडला उतरलो आणि वाटेतच गोळ्या घेतल्या. आता दोन महिने झाले. रोज सकाळी पोटऱ्या दाबून पाहतो. दुखल्या तर डॉक्टरांना सांगायचे ठरले आहे. परवा रात्री गोळी हातात घेऊन हिला विचारले,

"मी अंथरुणाला खिळलो असतो, तर तू केलं असतंस ना माझं?"

"आधी जेवून घ्या बरं," ती म्हणाली, "भाकरी गार व्हायलीय."