पाचोळ्याची माती

पाऊस लागला की घराभोवती वाणी दिसू लागतात. ओट्याच्या कडेला, मोरीत, कुंडीखाली. तांबूस, चकचकीत, कसलीही घाई नसलेले. चालताना पायांची लाट मागून पुढे सरकत जाते. बोट लागलं की अंगाची गुंडाळी करून पडून राहतात. मुलं काडीने डिवचतात, मोठी माणसं केरसुणीने बाहेर लोटतात. शेतात कोवळी रोपं कुरतडली की शेतकरी वैतागतो, तेही खरंच. पण वाणी चावत नाही, कुणाच्या मागे लागत नाही. त्याचं मुख्य काम एकच. गळून पडलेलं खायचं आणि पुढे सरकायचं.

या कामाची किंमत केनियातल्या एका खाणीत कळते. मोम्बासा शहराच्या उत्तरेला, समुद्राजवळ, बांबुरी इथे सिमेंटचा कारखाना आहे. तिथला खडक म्हणजे फार जुन्या काळच्या प्रवाळांचा चुनखडक. सिमेंटसाठी तो वर्षानुवर्षे खणून काढला गेला. मागे उरला उघडा, पांढुरका तळ. वर ऊन, खाली मचूळ पाणी आणि मधे माती नाहीच.

१९७१ साली कंपनीतल्याच रेने हॅलर या स्विस तज्ज्ञांनी त्या तळावर झाडं लावून पाहायला घेतली. २६ जाती लावल्या. तग धरला तो तीन जातींनी. त्यातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे, कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरू. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नत्र धरतात, म्हणून ते निकस जागीही वाढतं. तिथेही ते भराभर वाढलं. उघड्या खाणीत सावली आली.

कुणीही इथे समाधान मानलं असतं. पण झाडांखाली सुरूच्या बारीक काड्यांचा थर साचत होता आणि तो तसाच राहत होता. त्यांच्यात टॅनिन इतकं की कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालेना. झाडं वाढत होती, पाचोळा कुजत नव्हता. झाड देत होतं ते जमिनीला पोचतच नव्हतं.

मग हॅलर यांना लाल पायांचा एक वाणी त्या काड्या खाताना दिसला. त्यांनी असे शेकडो वाणी गोळा करून खाणीत सोडले. ते खात राहिले. त्यांच्या पोटातून बाहेर आलेल्या बारीक भुश्शावर आता जिवाणूंना काम करता येऊ लागलं. हळूहळू काळी माती धरली. त्या मातीत दुसरी झाडं रुजली. पाखरं आली, तळी झाली, पुढे जिराफ आणि पाणघोडेही राहिले. आज ती जागा हॅलर पार्क म्हणून ओळखली जाते.

आपल्याकडेही दर पावसाळ्यात झाडं लावली जातात, मोजली जातात. लावणारे हात सगळ्यांना दिसतात, ते दिसावेतही. पण उन्हाळ्यात त्याच झाडांखालचा पाचोळा आपण झाडून गोळा करतो आणि काडी लावतो. जागा स्वच्छ होते, माती मात्र उपाशी राहते. लावल्याने झाड उभं राहतं. जंगल उभं राहायला गळलेलं पचावं लागतं.

गळणं कुणालाच चुकत नाही. गळलेलं साचून राहिलं तर थर होतो, पचलं तर माती होते. ते पचवणारं बळ बहुधा मोठं नसतं. ते सावकाश असतं, जमिनीलगत असतं, आणि आपल्या नजरेतून सहज सुटतं.

बांबुरीचा खड्डा काही बुजला नाही. काढून नेलेला चुनखडक परत आला नाही, येणारही नाही. जंगल वाढलं ते त्या खोलगट जागेतच. झालेली हानी भरून येणं वेगळं आणि त्या जागी पुन्हा काही रुजणं वेगळं. पहिल्याची वाट पाहत बसलं तर दुसरं राहून जातं.