कोणी पडले नव्हते का?

माझा धाकटा भाऊ मोटारसायकली दुरुस्त करतो. रात्री हातांचे ग्रीस रॉकेलने पुसून घरात आला की जेवणाआधी मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅग रेस पाहत बसतो. "आपा, ये देखो," तो म्हणतो, "असली ड्रायवर तो ये थे. ना दरवाजा, ना छत. आजकल के तो पेटी में बंद रहते." मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी बाई, मला गाड्यांतले काय कळणार? पण त्याच्या आवाजातली हळहळ ओळखीची वाटली. आमच्या स्टाफरूममध्येही ती रोज ऐकू येते, विषय तेवढा निराळा असतो.

भावाकडून जे समजले ते असे. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, सरळ रस्ता पाव मैलाचा, म्हणजे 1320 फूट. जो आधी पोहोचला तो जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या गाड्या सोलून, इंजिने फुगवून रस्त्यांवर शर्यती लावत. त्यांना रस्त्यावरून उचलून शिस्तीच्या मैदानावर आणावे म्हणून वॉली पार्क्स यांनी 1951 साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. हे मला महत्त्वाचे वाटले. ज्या जमान्याला लोक बेबंद म्हणून आठवतात, त्याच्या मुळाशीच सुरक्षिततेची काळजी होती. नियम मात्र मोजके होते.

आणि गाड्या! 'स्लिंगशॉट' म्हणजे गोफण नावाच्या गाडीत ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागे बसे. वजन मागे गेले की टायर जमीन धरतात, हा हिशेब. पण त्यामुळे इंजिन त्याच्या तोंडासमोर आणि क्लच-गिअरचा सारा गोळा दोन पायांच्या मधोमध. इंजिन फुटले तर तेल आणि ज्वाळा थेट चेहऱ्यावर. इंधन नायट्रोमिथेन. अशा गाडीत बसून डॉन गार्लिट्स याने 1964 साली ताशी 200 मैलांचा टप्पा ओलांडला.

त्या काळावर जीव टाकणारे मूर्ख आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांचे एक दुखणे खरे आहे. तेव्हा मेकॅनिकचा पोरगा घरामागच्या शेडमध्ये पाइप जोडून गाडी उभी करी आणि रविवारी तीच पळवी. पुढे मान्यताप्राप्त सांगाडा आला, आगीपासून वाचवणारे कपडे आले, तपासणी आली. प्रत्येक नियमाबरोबर खर्च वाढला आणि गरिबाचे पोर कुंपणाबाहेर राहिले. ही तक्रार माझ्या भावाला चटकन कळते.

पण मग मला माझाच एक प्रसंग आठवतो. वर्गात एकदा मी रंगात येऊन सांगत होते की आमच्या लहानपणी उरूसला आम्ही मालट्रकच्या टपावर बसून जात असू, वारा कसा लागे, झाडाच्या फांद्या आल्या की सगळे कसे वाकत. एका मुलीने विचारले, "टीचर, कोई गिरा नहीं?" मी म्हटले, नाही. आणि घरी जाताना रिक्षात एकदम आठवले: पडला होता. आमच्याच गल्लीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याची अम्मी नंतर कित्येक वर्षे आमच्या दारावरून जाताना आत पाहत नसे. मी खोटे बोलले नव्हते. माझ्या आठवणीने त्याला टपावरून केव्हाच उतरवून टाकले होते.

जुन्या दिवसांच्या मैफली वाचलेले लोक भरवतात. ज्यांना सर्वांत जास्त सांगायचे होते, ते तिथे नसतात.

गार्लिट्स मात्र वाचला, आणि म्हणून त्याची साक्ष मी वजनदार मानते. 8 मार्च 1970 रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स धावपट्टीवर त्याच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. खेळात असे व्हायचेच, असे म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने रुग्णालयात पडल्या पडल्या इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीचा विचार सुरू केला. तशा गाड्या आधी झाल्या होत्या, पण त्या सरळ धावत नाहीत असा अनुभव होता. त्याच्या चमूने स्टिअरिंग संथ केले, आणि 1971 च्या आरंभी पोमोनाची मोठी शर्यत त्याने त्याच गाडीने जिंकली. थोड्याच वर्षांत वरच्या वर्गातून गोफण नाहीशी झाली. त्याची हिंमत कमी झाली होती का? भावाला विचारले, तर तो नुसता हसला.

"मरेल तर तो मरेल, तुमचे काय जाते?" असाही एक युक्तिवाद असतो. पण उडालेले चाक प्रेक्षक निवडून लागत नाही, आणि घरी वाट पाहणाऱ्याने कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. जून 2008 मध्ये न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा गेला, तेव्हा सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत 1000 फुटांवर आणली गेली. त्यावरही, पाव मैल ही परंपरा होती, म्हणून खंत करणारे निघालेच. 320 फुटांची परंपरा!

एक दृश्य मात्र मलाही आवडले. बेकर्सफील्डजवळच्या फमोसो येथे 1992 साली जुन्यांचा मेळावा सुरू झाला. तिथे डागडुजी केलेल्या गोफणी ढकलत आणतात, इंजिने चालू करतात, संध्याकाळच्या अंधारात नळ्यांतून ज्वाळा निघतात, जमीन थरथरते, म्हातारे डोळे पुसतात. गाड्या शर्यत लावत नाहीत. जागच्या जागी गरजतात आणि बंद होतात. भाऊ म्हणाला, "इसमें क्या मजा?" मी काही बोलले नाही.

त्या मुलीला मात्र दुसऱ्या दिवशी जवळ बोलावून सांगितले, "बेटा, एक लडका गिरा था."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "फिर आपने मजा आया क्यूं बोला?"

"मजा आया था," मी म्हटले.