हिमनदीला हात जोडावेत का?

निसर्ग हाच देव, असे आपण फार सहज म्हणतो. मी अमरावती जिल्ह्यातल्या महानुभाव घरात, रिद्धपूरच्या ओट्यांवर डोके टेकवत वाढले. आमच्या पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे मानले आहेत. डोंगर, नदी, समुद्र हा प्रपंच. तो परमेश्वर नव्हे. हा विचार कोरडा आहे, त्याने माणूस निसर्गापासून तुटतो, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. मला तो मान्य नाही, आणि अलास्का पाहिल्यावर तर मुळीच नाही.

लेकीसोबत जुनोहून एका लहान बोटीने ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात गेले होते. मार्जरी हिमनदीची निळसर भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच उभी आहे. तिचा कडा आधी सुटताना दिसतो, गडगडाट नंतर ऐकू येतो. डेकवर कुणी म्हणाले, “हाच साक्षात देव!” आणि शेजारच्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. भव्यतेने माझाही श्वास रोखला होता. पण भव्य असणे म्हणजे परमेश्वर असणे नव्हे.

माझे मन भरून आले ते बोटीच्या शिस्तीने. तिथे हम्पबॅक व्हेलपासून पाव सागरी मैल दूर राहण्याचा नियम आहे. जॉन्स हॉपकिन्स खाडीत सील माद्या तरंगत्या बर्फावर पिल्ले देतात, म्हणून मे आणि जूनमध्ये तिथे एकही बोट जात नाही. मोठ्या क्रूझ जहाजांना तर ऑगस्टअखेरपर्यंत मज्जाव असतो. बोट जवळ आली की घाबरलेल्या सील बर्फावरून पाण्यात उतरतात, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाची आईशी ताटातूट होऊ शकते. तेवढ्यासाठी सगळी खाडी सोडून द्यायची!

लीळाचरित्रातला ससा मला तिथे आठवला. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला तो जीव आमच्या पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्या मांडीखाली शिरला. शिकाऱ्यांनी तो मागितला, स्वामींनी दिला नाही. त्यांनी सशाची पूजा केली नाही, त्याला देव म्हटले नाही. शरण आलेला जीव म्हणून त्याला राखले. अहिंसेला एवढे पुरते.

पूजेला मात्र पुष्कळदा काहीच सोडावे लागत नाही. नदीला आई म्हणून ओटी भरायची आणि त्याच पात्रात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सोडायची, हे आपण रोज करतो. हात जोडले की कर्तव्य संपले असे वाटते. समोरचा जीव आहे, त्याला भय आहे, वेदना आहे, हे मानले की आपल्याला थांबावे लागते, मागे सरावे लागते.

थांबण्याचा हा हिशोब बोटीवर संपत नाही. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला ग्लेशियर बेच्या तोंडाशीच बर्फाचा कडा दिसला होता. आज बर्फ सुमारे १०० किलोमीटर आत गेला आहे. ती माघार कारखान्यांच्या धुरापूर्वीच सुरू झाली होती, हे खरे. पण आज अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आपण तापवलेल्या हवेत झपाट्याने वितळत आहेत. डिझेलचा धूर पाव मैलावर थांबत नाही. आमच्या बोटीचा थांबला नाही, विमानाचा थांबला नाही, आणि अमरावतीत उगाच सुरू ठेवलेल्या गाडीचाही थांबत नाही. सीलच्या पिल्लापासून दूर राहणारा माणूस घरी परतल्यावर आपल्या गरजा आवरत नसेल, तर त्याची अहिंसा अर्धीच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच: हिमनदीला, नदीला, मेळघाटातल्या जंगलाला देव म्हणायचे तर खुशाल म्हणा, पण म्हणण्याआधी तिथल्या जिवासाठी आपण काय सोडले, ते स्वतःला विचारा. काहीच सोडले नसेल, तर तो नमस्कार पोकळ आहे.